वडिलांचा सिनेमा, एजंट आणि ‘कायमचे हक्क’

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९९५ साली एक मराठी सिनेमा काढला. वडील आता नाहीत. घरात एक करारपत्र सापडलं, त्यात एका कॅसेट कंपनीला ‘व्हिडिओ व सॅटेलाइट हक्क’ दिल्याचं लिहिलंय. आता एक एजंट मागे लागलाय: एकरकमी पैसे घ्या आणि कायमचे हक्क लिहून द्या, कारण मोठ्या कंपन्या एकमेकांत विलीन होतायत, उद्या घेणाराच उरणार नाही. विकावं की थांबावं?

दोन्ही नको. भाड्याने द्या.

मी गेली बावीस वर्षं सिनेमाच्या हक्कांची खरेदी-विक्री करतेय. आधी एका चॅनेलसाठी सॅटेलाइट हक्क विकत घ्यायचे, मग एका ओटीटीसाठी, आणि आता निर्मात्यांच्या बाजूने बसते. म्हणजे हा एजंट जे बोलतोय ते मी स्वतः टेबलाच्या पलीकडून अनेकदा बोललेली आहे, त्यामुळे त्यातलं खरं किती आणि दबाव किती हे सांगू शकते.

मुंबईत राहिलेल्याला पागडी समजावून सांगावी लागत नाही. एकदा मोठी रक्कम घेतली की पुढची पन्नास वर्षं मालक भाड्याच्या नावाखाली चहापाण्याचे पैसे गोळा करतो आणि स्वतःच्याच इमारतीत पाहुण्यासारखा येतो. कायमचे हक्क देणं म्हणजे सिनेमा पागडीवर देणं, आणि इथे तर ते चहापाण्याचे पैसेही येत नाहीत. त्यापेक्षा लीव्ह अँड लायसन्स बरं. मुदत लिहायची, मुदत संपली की किल्ली परत. आणि ‘कायमचं’ असं कायद्यात काही नसतंच. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. तुमच्या सिनेमाचा २०५५ च्या ३१ डिसेंबरला संपेल. एजंट तुमच्याकडे जवळपास तीस वर्षं मागतोय आणि किंमत मात्र आजच्या बाजाराची लावतोय.

एका बाबतीत तो खोटं बोलत नाहीये. दारं कमी झाली आहेत. काही वर्षांपूर्वी मी एखादा मराठी सिनेमा घेऊन निघाले की वूट, जिओसिनेमा आणि हॉटस्टार अशा तीन वेगळ्या ठिकाणी बसून तीन वेगळे भाव ऐकू शकत होते. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात गेलं. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्नेच्या भारतातल्या माध्यम व्यवसायाचं एकत्रीकरण पूर्ण झालं आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं. तीन दारांचं एक दार. एमएक्स प्लेअर अॅमेझॉनकडे गेला. झी आणि सोनीचं लग्न जानेवारी २०२४ मध्ये मोडलं, नाहीतर आणखी एक कमी झालं असतं. (तेव्हा शेअर बाजारात रडारड चालली होती. आम्ही हक्क विकणारे मात्र खूश होतो.)

हे असं का झालं याचं एक मोठं कारण क्रिकेट आहे. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचा लिलाव झाला. टीव्हीचे भारतातले हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, आणि डिजिटलचे भारतातले दोन्ही गठ्ठे मिळून रिलायन्स गटातल्या वायकॉम१८ ने सुमारे २३,७५८ कोटींना. डिजिटल पहिल्यांदाच टीव्हीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. ज्या दोन कंपन्या तिथे एकमेकींवर बोली चढवत होत्या, त्या अडीच वर्षांत एका छपराखाली आल्या. आता विचार करा, एका स्पर्धेसाठी एवढं देऊन बसलेल्या घरात प्रादेशिक सिनेमांच्या खरेदीला काय उरत असेल. ‘या तिमाहीत मराठीचं बजेट नाही’ हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मी बॅग आवरायला घेते.

पण आज घेणारे कमी आहेत म्हणून माल कायमचा फुंकून टाकायचा, इथे गणित चुकतं. या धंद्यात लाट दर पाच-सात वर्षांनी उलटते, आणि उलटली तेव्हा फायदा त्यांनाच झाला ज्यांच्या हातात हक्क परत आले होते.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या, कारण तिथे हे चक्र पूर्ण फिरून झालंय. २००८ मध्ये नेटफ्लिक्सने स्टार्झ या वाहिनीशी करार करून तिच्याकडचे सिनेमे ऑनलाइन दाखवायला सुरुवात केली. स्टार्झने ते तेव्हा अगदी किरकोळीत दिले. इंटरनेटवर सिनेमा बघणार कोण, असाच तेव्हा समज होता. करार फेब्रुवारी २०१२ मध्ये संपला, पण स्टार्झने नूतनीकरणाला नकार २०११ मध्येच देऊन टाकला होता, कारण तोवर त्या मालाची किंमत सगळ्यांना कळली होती. मग स्टुडिओंना वाटलं, भाडेकरू एवढा श्रीमंत होतोय तर आपणच दुकान का काढू नये? डिस्नेने ऑगस्ट २०१७ मध्ये नेटफ्लिक्सकडून आपले सिनेमे काढून घेणार असं जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःची सेवा काढली. ‘फ्रेंड्स’साठी नेटफ्लिक्सने एका वर्षाचे १० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, पुढे वॉर्नरनेच आपल्या नव्या सेवेसाठी पाच वर्षांचा ४२.५ कोटींचा आकडा लावून ती मालिका घरी आणली. स्वतःचीच मालिका, स्वतःच्याच दुकानाला. सगळ्यांनी आपापल्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या.

दोन-तीन वर्षांत कळलं की दुकान चालवणं महाग असतं. सर्व्हर, जाहिरात, नवा माल, आणि दर महिन्याला सोडून जाणारे ग्राहक. डिसेंबर २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने आपल्याच सेवेवरून ‘वेस्टवर्ल्ड’सारखी खर्चिक मालिका उतरवली, आणि पुढे ती जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट वाहिन्यांवर दिसली. २०२३ च्या उन्हाळ्यात ‘सूट्स’ ही २०१९ लाच संपलेली वकिलांची मालिका अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली आणि प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार त्या वर्षात ५,७७० कोटी मिनिटं पाहिली गेली. नेटफ्लिक्सने ती बनवलेली नव्हती, भाड्याने घेतली होती. मालक एनबीसीयुनिव्हर्सल. त्यांच्या स्वतःच्या दुकानातही ती मांडलेली होतीच, तिथे तिला एवढी गर्दी कधी झाली नाही. तेव्हापासून सगळे स्टुडिओ पुन्हा निमूटपणे प्रतिस्पर्ध्याला माल भाड्याने देऊ लागले आहेत.

आपल्याकडचा नमुना तर आणखी मजेदार. एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या मालिका हॉटस्टारवर ३१ मार्च २०२३ पर्यंत होत्या, मग त्या जिओसिनेमावर गेल्या, आणि २०२५ मध्ये ही दोन्ही घरंच एक झाली. भाडेकरूने घर बदललं, आणि दोन वर्षांनी कोणीतरी मधली भिंत पाडली.

म्हणून एजंटला सांगा: तीन वर्षं, फार तर पाच. आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. ती एजंट नाही, ती म्हणजे ते घरातलं करारपत्र.

२०१९ मध्ये कोल्हापूरला एका दिवंगत निर्मात्याच्या घरी गेले होते. मुलाने माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढली. फोटोसेट, पोस्टरचे ब्लॉक, वितरकांची पोस्टकार्डं, आणि तळाशी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला १९९८ चा करार. तीन पानं, दुसऱ्याचा कोपरा वाळवीने खाल्लेला. मजकूर: ‘व्हिडिओ, केबल व सॅटेलाइटचे संपूर्ण हक्क’. रक्कम लिहिलेली, चेकचा नंबर लिहिलेला, साक्षीदार दोन. मुदत कुठेच नाही. ज्यांनी हक्क घेतले त्या कंपनीने सिनेमा यूट्यूबवर चढवला होता, खाली हजारो कमेंट, आणि घरच्यांना दहा वर्षांत रुपया नाही. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘ताई, मुदत लिहिली नाही म्हणजे कायमचे.’

अगदी उलट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. १९९८ चा करार म्हणजे २००३ ला विषय संपला होता. मी ते कलम वाचून दाखवल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. तरी सुटायला चौदा महिने गेले, कारण दरम्यान त्यांनी तेच हक्क पुढे दोघांना विकले होते. शेवटी कोर्टात न जाता ना-हरकत पत्र मिळालं आणि सिनेमा उतरला.

तुमच्या बाबतीत मात्र थांबून बघावं लागेल. हे मुदतीचं आणि प्रदेशाचं कलम ज्या दुरुस्तीने आलं ती १० मे १९९५ पासून लागू झाली, आणि त्याआधीच्या करारांना ते लागत नाही असं त्याच कलमात म्हटलंय. तुमचा सिनेमा नेमका त्याच वर्षीचा. करार मार्चचा असेल तर एक गोष्ट, ऑक्टोबरचा असेल तर दुसरी. ऑक्टोबरचा असेल आणि मुदत लिहिलेली नसेल, तर पुढची सगळी लढाई फार सोपी आहे.

मार्चचा असला तरी हातपाय गाळू नका. मग प्रश्न उरतो ‘व्हिडिओ व सॅटेलाइट’ या शब्दांत इंटरनेट येतं का. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही टेलिफोनच्या तारेवरून कुथत. वडिलांनी सही करताना त्यांच्या डोळ्यासमोर कॅसेट लायब्ररी आणि गच्चीवरची डिश असणार. २०१२ च्या दुरुस्तीने तर कायद्यातच घातलंय की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. पण ती तरतूद जुन्या करारांना मागे जाऊन लावता येते असं मी तुम्हाला सांगणार नाही. जुन्या करारात शब्द काय आहेत त्यावर ठरतं. ‘आज ज्ञात असलेली व पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमं’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य कुठे बारीक टाइपात आहे का बघा. ते असेल तर मात्र कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाची फी वाचवू नका. नवं माध्यम जुन्या शब्दात आपोआप बसत नाही, या बाजूला आपल्या कोर्टांचा कल दिसतो. टिप्स ही म्युझिक कंपनी आणि विंक हे गाण्यांचं अॅप यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, आणि खंडपीठाने २०२२ मध्ये, रेडिओ-टीव्हीसाठी असलेला वैधानिक परवाना (म्हणजे मालकाची संमती न घेता कायद्याने मिळणारा) इंटरनेटवरच्या गाण्यांना लागू होत नाही असं म्हटलं. तो मुद्दा वेगळा होता, पण वकिलाला सांगण्यासारखा आहे.

गाण्यांचं विसरू नका. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे वडिलांनी ऑडिओ हक्क वेगळ्या कंपनीला दिले असणार. सिनेमासकट गाणं दाखवता येतं की त्यासाठी त्या कंपनीची वेगळी परवानगी लागते, हे त्या कागदावर अवलंबून. नाहीतर तुम्ही स्वतःच्याच वडिलांचा सिनेमा यूट्यूबवर टाकाल आणि दुसऱ्या दिवशी म्युझिक कंपनीचा दावा येऊन जाहिरातीचे पैसे तिकडे वळतील. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. ‘डॉसन्स क्रीक’ ही अमेरिकन मालिका स्ट्रीमिंगवर कित्येक वर्षं तिच्या गाजलेल्या शीर्षकगीताशिवायच दिसत होती, कारण गाण्याचा परवाना टीव्हीपुरता होता.

घरात वारस किती, हे तुम्ही लिहिलं नाही. बॅनर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं की भागीदारी होती? आई, भावंडं? प्लॅटफॉर्मचा कायदा विभाग पहिल्या दिवशी हक्कांची साखळी मागतो: सेन्सॉर सर्टिफिकेटवर कोणाचं नाव, तिथून ते तुमच्यापर्यंत कसं आलं, मधल्या प्रत्येक उडीचा कागद. एका भावाने बहिणीला न विचारता सही केलेला एक सौदा माझ्या डोळ्यांसमोर चेक छापून तयार असताना फुटलाय. मराठी सिनेमे ओटीटीवर कमी दिसतात याचं खापर लोक प्लॅटफॉर्मच्या उदासीनतेवर फोडतात. ती आहेच. पण जितके जुने सिनेमे पैशांअभावी अडले त्याहून जास्त मी कागदांअभावी अडलेले पाहिलेत.

आणि सिनेमा आहे कुठे? करारपत्र सापडलं ते ठीक, निगेटिव्ह कोणत्या लॅबमध्ये होती? मुंबईतल्या फिल्म लॅब डिजिटल आल्यावर एकामागून एक बंद झाल्या, आणि भाडं थकलेले डबे कुठे गेले हे विचारायला माणूसही उरला नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एखादी प्रिंट जमा आहे का हे आधी विचारा. जुन्या चॅनेल-सौद्याची बीटा टेप (चॅनेलला द्यायची व्हिडिओ टेप) घरात असेल तर ती टाकू नका, पण तिच्या भरवशावरही राहू नका. मागे एका सिनेमाचा क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा, रिपोर्ट आला होता, सात पानी: चौथ्या रीळमध्ये उभा ओरखडा, इंटरव्हलच्या कार्डावर जुन्या चॅनेलचा लोगो, आणि नायिकेच्या एका अख्ख्या संवादावर केबलवाल्याची साडीच्या दुकानाची पट्टी. टेप कोणीतरी प्रक्षेपणावरून उतरवून घेतलेली होती. अशा मालाला चांगला प्लॅटफॉर्म हात लावत नाही.

कागद आणि माल दोन्ही हाती आले की मग सौदा. मुदत सांगितलीच. भारत आणि परदेश वेगळे ठेवा. न्यू जर्सी, लंडन, दुबईतला मराठी माणूस ‘हा सिनेमा तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही पाटी बघून वैतागतो, तेव्हा मागे बहुतेकदा एवढंच असतं की परदेशी हक्क कोणीतरी घेऊन ठेवलेत आणि वापरलेले नाहीत. तुमच्या करारात लिहा की ठराविक महिन्यांत दाखवला नाही तर तो प्रदेश परत. डबिंग आणि रिमेक या करारात घुसू देऊ नका. ‘आनुषंगिक हक्क’ या गोड शब्दाखाली ते नेहमी घुसतात.

पैशांत आगाऊ हमी रक्कम मिळते का बघा, कमी असली तरी. नुसता पाहिलेल्या तासांवरचा हिशोब असेल तर अपेक्षा खाली ठेवा. एका निर्मात्याचं पहिल्या तिमाहीचं स्टेटमेंट मी पाहिलंय, त्यात दोघांच्या थाळ्या आल्या असत्या, ताक वेगळं. एक्सक्लुझिव्ह मागत असतील तर त्याची किंमत वेगळी सांगा. तुमच्यासारख्या सिनेमाला माझ्या मते नॉन-एक्सक्लुझिव्हच बरं: एका ओटीटीवर, एका चॅनेलला, आणि यूट्यूबवर भाड्याने. तो शेवटचा रस्ता आता कोणी हलका समजत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आमीर खानने ‘सितारे ज़मीन पर’ ओटीटीला न देता यूट्यूबवर १०० रुपयांना ठेवला होता.

गेल्या वर्षभरात करारांत एक नवी ओळ येऊ लागलीय, मशीनला शिकवण्यासाठी किंवा एआयने बदल करण्यासाठी सिनेमा वापरण्याबद्दल. ती खोडा. २०२५ मध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून सिनेमा पुन्हा लावला गेला; दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर विरोध केला, पण हक्क निर्मिती कंपनीकडे होते. तुमच्या घरात हक्क तुमच्याकडे आहेत, तोवर हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

विलीनीकरणाची शेवटची गोष्ट. करारात लिहून घ्या की प्लॅटफॉर्म बंद पडला, विकला गेला किंवा दुसऱ्यात मिसळला तर तुमच्या लेखी संमतीशिवाय सिनेमा पुढे जाणार नाही. एकाने हक्क घेतले, त्याला दुसऱ्याने घेतलं, आणि पैसे मागायला गेलेला निर्माता तीन ऑफिसं फिरला, हे मी पाहिलंय. तिन्हीकडे उत्तर एकच होतं: ‘ते जुन्या टीमचं होतं.’

एजंटला आत्ताच नाही म्हणू नका, महिनाभर मागा. तेवढ्यात लॅब, सेन्सॉर सर्टिफिकेट आणि वारसांची यादी होते. करारपत्र स्कॅन करून वकिलाला पाठवाल तेव्हा स्टॅम्प पेपरची मागची बाजूही स्कॅन करा. मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का आणि विक्रीची तारीख तिथेच असते, आणि १० मे च्या आधीचा की नंतरचा हे करारात तारीख पुसली असेल तर तेवढ्यावरून तरी कळायला लागेल.